हार्वर्डचा उन्हाळा कुणासाठी सुरू झाला होता?

(पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा. पण घरात आठवी ते बारावीतलं पोर असेल तर नक्की वाचा.)

गेल्या दीड-दोन महिन्यांत इनबॉक्समध्ये एकच प्रश्न चार वेगवेगळ्या लोकांनी विचारला. एक मेडिकल दुकानवाले, एक शिक्षक दांपत्य, एक द्राक्षबागायतदार आणि एक आपलेच पत्रकार बंधू. प्रश्न असा, की मुलाला किंवा मुलीला अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात उन्हाळी सुट्टीत दोन-तीन आठवड्यांचा 'प्री-कॉलेज प्रोग्रॅम' करण्यासाठी निवड झाल्याचं पत्र आलंय. शहरातल्या कौन्सेलरने फॉर्म भरला होता. फी पाच-सहा हजार डॉलर. तुम्ही वाचणारे माणूस, तर हे खरं असतं का?

खरं असतं. विद्यापीठ खरं, वर्ग खरा, तिथला खोलीतला पलंगसुद्धा खरा. पण "खरं आहे का" हा प्रश्नच मला अपुरा वाटला. हे उन्हाळी वर्ग मुळात कुणी काढले, कुणासाठी काढले आणि त्यांचे पैसे कोण देत होतं, हे बघायला पाहिजे असं वाटलं. मग बसलो शोधायला. जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात हार्वर्डपासूनच करू. हार्वर्डचा उन्हाळी वर्ग १८७१ चा. म्हणजे आपल्याकडे महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज स्थापन व्हायला अजून दोन वर्षं होती. आसा ग्रे नावाचे वनस्पतिशास्त्राचे मोठे प्राध्यापक तिथे होते. डार्विनशी ज्यांचा पत्रव्यवहार होता तेच. पहिला वर्ग वनस्पतिशास्त्राचा होता आणि त्यात पुढे जे लोक येत गेले ते श्रीमंतांची मुलं नव्हती. ते शाळामास्तर होते. अमेरिकेतल्या शाळांत विज्ञान शिकवायचं होतं, पण शिकवणाऱ्यांना स्वतःलाच ते नीट कुणी शिकवलेलं नव्हतं. मास्तरांना सुट्टी उन्हाळ्यातच आणि विद्यापीठाच्या खोल्या रिकाम्या त्याही उन्हाळ्यातच. इतका साधा हिशेब. आणखी एक गोष्ट म्हणजे त्या काळी हार्वर्ड कॉलेजात मुलींना प्रवेश नव्हता, पण उन्हाळी वर्गात शिक्षिका येऊन बसू लागल्या. पुढच्या दाराला कुलूप आणि उन्हाळ्यात मागचं दार उघडं, असा प्रकार.

दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, हार्वर्डचेच लुई अगासी यांनी याहून भन्नाट गोष्ट केली. न्यूयॉर्कचे तंबाखूचे व्यापारी जॉन अँडरसन यांनी त्यांना मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगतचं पेनिकीझ नावाचं एक बेट आणि वर ५० हजार डॉलर देऊन टाकले. बेटावर काय होतं? एक घर, एक कोठार आणि मेंढरं. जुलैमध्ये पन्नासच्या आसपास शिक्षक-शिक्षिका होडीतून तिथे उतरले, तेव्हा मेंढरांच्या कोठारातच जेवणाची टेबलं मांडलेली होती. तिथेच पहिलं भाषण झालं. पुस्तक बाजूला ठेवा, समुद्रातला मासा हातात घ्या आणि बघा, ही तिथली शिकवण. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या वहीत आजही 'निरीक्षण' पुस्तकातून उतरवतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

अगासी त्याच वर्षी डिसेंबरात वारले आणि बेटावरची शाळा दुसऱ्या उन्हाळ्यानंतर बंद पडली. (हा माणूस देव नव्हता, हेही सांगतो. मानववंशांबद्दलची त्यांची मतं आज वाचली तर संताप येतो. इतिहासात माणसं अशी एकत्र मिसळूनच येतात.) पण त्या कोठारात बसलेल्या विद्यार्थ्यांत डेव्हिड स्टार जॉर्डन नावाचा एक तरुण होता. १८९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ उघडलं तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष हाच. आज ज्या स्टॅनफर्डच्या उन्हाळी कोर्ससाठी आपले लोक एफडी मोडायला निघालेत, त्या स्टॅनफर्डचा पहिला प्रमुख एका तंबाखूवाल्याच्या पैशावर चाललेल्या उन्हाळी शाळेचा विद्यार्थी होता.

१९०० सालची गोष्ट तर सिनेमा काढावा अशी आहे. स्पेनशी युद्ध करून अमेरिकेने क्यूबा ताब्यात घेतला होता. त्या उन्हाळ्यात क्यूबातले सुमारे १३०० शाळाशिक्षक लष्कराच्या जहाजांत बसवून हार्वर्डला आणले. त्यात निम्म्याहून जास्त शिक्षिका. राहण्या-जेवण्याचा खर्च हार्वर्डने लोकांकडून वर्गणी काढून भागवला आणि शिक्षिकांना केंब्रिज गावातल्या घरांतून ठेवलं. आता यात निव्वळ परोपकार होता असं मी म्हणणार नाही. जिंकलेल्या देशातल्या मास्तरांना आपल्या बाजूचं करून घेणं हे राजकारण होतंच. पण एक बघा, पैसे क्यूबातल्या मास्तरांनी दिले नव्हते.

इथपर्यंत शाळकरी मुलं कुठेच नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती फार उशिरा आली. १९३१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने हायस्कूलच्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला. वक्तृत्व, वादविवाद, नाटक असे विषय. तो वर्ग आजही चालू आहे.

पण माझ्या मते खरी गंमत १९५४ पासून. टेलुराइड असोसिएशन नावाची एक संस्था आहे. एल. एल. नन हे तिचे संस्थापक. नन म्हणजे कोलोरॅडोतल्या खाणींना वीज पुरवणारा उद्योजक. १८९१ मध्ये आल्टरनेटिंग करंटची वीज डोंगरातून तारांवरून खाणीपर्यंत नेऊन दाखवणाऱ्यांपैकी तो एक. वीजघरात कामाला पोरं लागायची, ती शिकलेली हवी होती, म्हणून त्याने कामगार पोरांना शिकवायला सुरुवात केली. पुढे १९११ मध्ये संस्था काढली आणि १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात डीप स्प्रिंग्ज नावाचं कॉलेज. तिथे विद्यार्थी गाईंच्या धारा काढतात, शेत बघतात, स्वयंपाक करतात आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञान वाचतात. वाचताना मला कर्मवीर अण्णाच आठवले. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. दोन माणसं, दोन खंड, एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार, आणि 'कमवा आणि शिका' हे दोघांनाही दोन वर्षांच्या अंतराने सुचलं.

तर या टेलुराइडने १९५४ पासून हायस्कूलच्या थोड्याशा मुलांसाठी उन्हाळी वर्ग चालवला. गोल टेबलाभोवती बसून पुस्तकं वाचायची आणि भांडायचं, म्हणजे वैचारिक. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत. निवड कशावरून, तर मुलांनी लिहिलेल्या निबंधांवरून. स्टीव्ह जॉब्सचं चरित्र लिहिणारे वॉल्टर आयझॅकसन शाळेत असताना या वर्गाला गेले होते. जॉर्जियातल्या नेत्या स्टेसी अब्राम्स यासुद्धा.

मग आला ऑक्टोबर १९५७. रशियाने स्पुतनिक सोडला आणि अमेरिकेच्या पोटात गोळा आला. पुढच्याच वर्षी शिक्षणासाठी संरक्षणाच्या नावाने कायदा झाला. हो, संरक्षणाच्याच नावाने. एरवी गणिताच्या मास्तराला पैसे द्यायला कुरकुर करणारं सरकार रॉकेट दिसल्यावर खिसा उघडतं, हे तिथेही तसंच. सरकारी पैशावर अनेक विद्यापीठांनी हुशार शाळकरी मुलांसाठी उन्हाळी विज्ञान वर्ग काढले.

योगायोग असा, की त्याच १९५७ च्या उन्हाळ्यात, म्हणजे स्पुतनिक उडायच्या आधीच, नोत्र दाम विद्यापीठात अरनॉल्ड रॉस नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने आपल्या शिक्षकांच्या वर्गात शाळकरी मुलांना बसवलं होतं. रॉस यांचं बालपण ओडेसात गेलेलं. तिथे गणिती लोक लहान पोरांना घेऊन बसत, ती सवय ते अमेरिकेत घेऊन आले. विषय एकच, अंकशास्त्र. म्हणजे १, २, ३, ४ हे आकडे, ज्यांच्याबद्दल आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. दोन बेरजा करून बघा, काही आकडे कोष्टकात लिहा, नमुना दिसतोय का शोधा, दिसला तर तो कायमच खरा आहे हे सिद्ध करा. उत्तर कुणी सांगायचं नाही. आठ आठवडे हेच. १९६३ मध्ये रॉस ओहायो स्टेटला गेले आणि पाठोपाठ वर्गही तिथे गेला. वयाची नव्वदी ओलांडेपर्यंत त्यांनी तो चालवला. सत्तरच्या दशकात आपल्या बंगळुरूलाही त्यांच्या धर्तीवर वर्ग झाला होता.

या वर्गाचा प्रवेश अर्ज कसा असतो ते ऐका. मार्कशीट वगैरे आहेच, पण मुख्य म्हणजे गणिताचे काही प्रश्न घरी पाठवतात. वेळ भरपूर. सोडवा, जमेल तेवढं लिहून पाठवा. ते वाचून ठरतं. रॉस यांच्या विद्यार्थ्यांनीच १९८९ मध्ये बॉस्टन विद्यापीठात 'प्रॉमिस' नावाचा असाच वर्ग काढला, त्याचीही हीच रीत. (आज या दोन्हींना फी आहे, हे लपवत नाही. पण निवड आधी होते, आणि पैशांची अडचण असेल तर मदतीची सोय आहे.)

साठच्या दशकात आणखी एक वळण आलं. १९६४ मध्ये येल विद्यापीठाने गरीब घरांतल्या मुलांसाठी उन्हाळी हायस्कूल काढलं. अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं होतं आणि त्यातून १९६५ च्या उन्हाळ्यात 'अपवर्ड बाउंड' सुरू झालं. ज्यांच्या घरात कुणीच कॉलेज पाहिलेलं नाही, अशा मुलांना उन्हाळ्यात कॉलेजच्या आवारात आणून राहवायचं, शिकवायचं, ग्रंथालयात सोडायचं. ऑस्कर मिळवणाऱ्या अभिनेत्री व्हायोला डेव्हिस यांनी पोटाला नीट अन्न नव्हतं अशा घरातून येऊन याच योजनेचा आधार घेतला. सत्तरच्या दशकात एमआयटीने इंजिनीअरिंगमध्ये कमी दिसणाऱ्या समाजांतल्या मुलांसाठी असाच मोफत उन्हाळी वर्ग काढला. तोही अजून चालतो.

मग फीची गोष्ट आली कुठून?

माझ्या समजुतीप्रमाणे दोन-तीन ओढे एकत्र आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा द्यायला लावली आणि काही पोरं ती सहज सोडवतात हे दाखवलं. १९७९ मध्ये त्यासाठी केंद्र झालं आणि पुढच्या वर्षीपासून उन्हाळी निवासी वर्ग. मार्क झुकरबर्ग आणि लेडी गागा दोघंही या केंद्राच्या वर्गांना गेलेत. हेतू चांगलाच होता. पण 'हुशार पोर लवकर ओळखा आणि उन्हाळ्यात विद्यापीठात पाठवा' ही कल्पना एकदा पालकांच्या डोक्यात बसली की ती बाजाराच्या हाती जायला किती वेळ?

दुसरा ओढा क्रमवारीचा. १९८३ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाने कॉलेजांची क्रमवारी छापायला सुरुवात केली. त्यानंतर वरच्या विद्यापीठांसाठीची रांग लांबतच गेली. आज हार्वर्डला शंभर अर्ज गेले तर जेमतेम चारच्या आसपास मुलं घेतात. मग पालक विचारतात, अर्जात आणखी काय घालू?

आणि तिसरा ओढा अगदी व्यवहाराचा. आपल्याकडे मंगल कार्यालयाचा मालक पितृपक्षात जे बोलतो तेच. वसतिगृहं, वर्ग, खानावळ, चौकीदार यांचा खर्च बाराही महिने चालू, आणि उन्हाळ्यात विद्यार्थी घरी. १८७१ मध्ये रिकाम्या खोलीत मास्तरांना बसवलं. आता त्याच खोलीचं भाडं येतं.

गोंधळ इथेच होतो. काही वर्ग विद्यापीठ स्वतः चालवतं, स्वतः फी घेतं. पण काही वर्ग बाहेरच्या कंपन्या चालवतात. कंपनी विद्यापीठाचं वसतिगृह आणि हॉल भाड्याने घेते, स्वतःचे शिकवणारे आणते, आणि जाहिरातीत विद्यापीठाच्या इमारतीचा फोटो टाकते. नावात मधे 'अ‍ॅट' असा शब्द असतो. अमुक अकादमी 'अ‍ॅट' तमुक. ऑक्सफर्ड, केंब्रिजमध्येही हे मोठ्या प्रमाणावर चालतं. बेकायदा काही नाही. पण आपल्या तालुक्याच्या मंगल कार्यालयात पुण्याच्या क्लासवाल्याने सेमिनार घेतला म्हणून कार्यालयाचा मालक काही तुमचा गुरुजी होत नाही.

वर सांगितलेले बागायतदार पत्र घेऊन माझ्याकडे आले होते. नाव-गाव सांगत नाही. मुलगी दहावीला, गणितात खरंच चांगली. बेदाण्याचे पैसे यायचे होते, तोवर पतसंस्थेतून सोनेतारण कर्ज घ्यायची तयारी झाली होती. आम्ही दोघांनी मिळून पत्र वाचलं. पहिल्या पानावर अभिनंदन, निवड, मर्यादित जागा, अमुक तारखेपर्यंत आगाऊ रक्कम. चौथ्या पानावर बारीक अक्षरात, की या कार्यक्रमात सहभागी झाल्याने विद्यापीठाच्या पदवी प्रवेशात कोणताही फायदा मिळत नाही. शिवाय हा कार्यक्रम विद्यापीठाचा नाही, तो विद्यापीठाच्या आवारात होणार आहे.

ते वाचून मी त्यांना विचारलं, "निवड कशी झाली? परीक्षा होती का?"

"नाही. फॉर्म भरला. मार्कं आणि एक परिच्छेद लिहायचा होता. कौन्सेलर साहेबांनीच लिहून दिला."

मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "म्हंजी निवड पोरीची न्हाई झाली. माझ्या पाकिटाची झाली."

इतक्या वाचनानंतर मला जे सांगायचं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. दीडशे वर्षांच्या या इतिहासात पैसे कोण देतंय त्यावर बाकीचं बरंच ठरत आलंय. तंबाखूवाल्याने दिले तेव्हा अगासींनी मास्तर निवडले. सरकारने दिले तेव्हा विद्यापीठांनी गरीब आणि हुशार पोरं शोधली. नन यांच्या संस्थेने दिले तेव्हा निबंध वाचून मुलं घेतली. बापाने दिले की निवडणारा बाप असतो आणि समोरचा दुकानदार.

यावर काही मित्र म्हणतील, हा माणूस कुणाला पुढे जाऊ देत नाही. तसं नाही. ज्यांच्याकडे पाच-सात लाख सहज आहेत त्यांनी जरूर पाठवावं. पोर विमानात बसेल, वेगवेगळ्या देशांतली पोरं भेटतील, मोठं ग्रंथालय डोळ्यांनी बघेल, इंग्रजीची भीती जाईल. त्याची किंमत नाही असं नाही. सहलीला पैसे खर्च करतो, तसे हेही. फक्त सोनं गहाण ठेवून 'अ‍ॅडमिशन पक्की' समजू नये, एवढंच. कौन्सेलरने "याने प्रोफाइल स्ट्राँग होतं" म्हटलं तर त्याला लेखी द्यायला सांगा आणि चेहरा बघा.

आणि ज्या मुलांना खरंच ती भूक आहे त्यांच्यासाठी दारं आहेत, हेही लिहितो. अमेरिकेत १९८४ पासून 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' नावाचा सहा आठवड्यांचा वर्ग चालतो, आता एमआयटीत भरतो. आण्विक पाणबुड्यांचे जनक म्हणून ओळखले जाणारे अ‍ॅडमिरल रिकोव्हर त्याच्या संस्थापकांपैकी. शंभराच्या आसपास मुलं, शिकवणं-राहणं-जेवण मोफत. निवड फार कडक. इकडे बंगळुरूच्या आयआयएससीत आता 'प्रॉमिस इंडिया' भरतो, तीच प्रश्न सोडवून अर्ज करायची पद्धत. आणि आपल्या अगदी जवळ, मुंबईत मानखुर्दला, टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. गणित आणि विज्ञान ऑलिम्पियाडचं राष्ट्रीय काम त्यांच्याकडे. भारताचा संघ आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला १९८९ पासून जातो, १९९६ ला तर ही स्पर्धा मुंबईतच झाली होती. पहिल्या परीक्षेची फी काही शे रुपये. टप्प्याटप्प्याने वर जाणाऱ्या मुलांची उन्हाळ्यात निवासी शिबिरं होतात, आणि त्यांचा खर्च सरकार करतं. वर्तमानपत्रात अर्ध्या पानाची जाहिरात येत नाही म्हणून आपल्याला माहीत नसतं. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांनी गेल्या वर्षी या परीक्षेचे फॉर्म भरले, हे मी सात शाळांत विचारलं. एका शाळेने भरले होते.

त्या बागायतदारांच्या मुलीने कर्ज नको म्हणून सांगितलं, असं नंतर कळलं. सध्या ती जुन्या ऑलिम्पियाडचे प्रश्न डाउनलोड करून सोडवत बसते. पहिला प्रश्न सुटायला चार दिवस लागले म्हणे, आणि आईने विचारलं, की चार दिवस एकच गणित, मग परीक्षेत काय करशील?

आता शेवटचा मुद्दा, आपल्या गावाचा. एप्रिलच्या शेवटापासून जून उजाडेपर्यंत आपल्या सीनियर कॉलेजच्या प्रयोगशाळांना कुलूप असतं. तेरा सूक्ष्मदर्शक आहेत, मी मोजलेत. प्राणिशास्त्राचे दोन निवृत्त प्राध्यापक गावातच राहतात, दोघंही मला म्हणाले, बोलावलं तर येऊ, मानधन नको. तळं कॉलेजपासून अर्ध्या किलोमीटरवर. आठवी-नववीच्या तीस मुलांना पंधरा दिवस सकाळी दोन तास बसवायला जो खर्च येईल तो मी काढला. चहा-बिस्किटं, काचपट्ट्या, विजेचं बिल आणि शिपायाचा ओव्हरटाइम मिळून पंचवीस हजारांच्या आत बसतो. व्यापारी संघटनेतल्या दोघांनी निम्मे द्यायचं कबूल केलंय.

सोमवारी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, पोच घेतली आहे. संस्थेच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. उत्तर आलं की इथेच टाकतो. ज्यांना मुलांची नावं द्यायचीत त्यांनी कमेंटमध्ये नको, मेसेज करा.